अर्थसंकटाची तिथी

गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला तोंडात घालून नव्या पंचांगातील संवत्सरफल ऐकण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. यंदा राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण, पाऊस किती आढक पडेल, कोणती धान्ये महागतील आणि कोणती स्वस्त होतील, हे सारे त्यात सांगितलेले असते. त्याच पंचांगाची आणखी काही पाने उलटली की ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा तासामिनिटांनिशी दिलेल्या आढळतात. ग्रहणाची वेळ चुकत नाही. धान्याच्या भावाचे भाकीत मात्र ऐकावे आणि सोडून द्यावे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. एकाच पुस्तकातील या दोन भाकितांच्या योग्यतेत एवढे अंतर का पडावे? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, परंतु आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

एखाद्या देशावर पुढचे आर्थिक संकट केव्हा कोसळेल, ते ग्रहणासारखे आधी सांगता येईल काय, असे सामान्य माणूस अर्थशास्त्रज्ञांना नेहमी विचारीत असतो. त्याचे हे विचारणे रास्तच आहे. संकट आले म्हणजे ज्याची आयुष्यभराची ठेव बुडते, ज्याचा कारखाना बंद पडतो, ज्याच्या पगाराची किंमत एका महिन्यात निम्मी होते, त्याने चार दिवस आधी सूचना मागितली तर त्यात वावगे काय? आणि ज्यांच्यापाशी आकड्यांचे डोंगर आहेत, गणिते आहेत, गणकयंत्रे आहेत, त्यांना एवढेही सांगता येऊ नये काय?

तसा प्रयत्न कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाचा एक अत्यंत बुद्धिमान इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. इंग्लंडातील व्यापारी संकटे साधारणपणे दर दहा-अकरा वर्षांनी येतात, असे त्याच्या ध्यानात आले. १८२५, १८३६, १८४७, १८५७, १८६६ अशी ती मालिका होती. सूर्यावरील डागही त्याच सुमाराच्या अवधीने वाढतात आणि ओसरतात, हे त्या काळी नुकतेच प्रस्थापित झाले होते. जेव्हन्सने या दोहोंची सांगड घातली, आणि ती घालताना त्याला दुवा सापडला तो हिंदुस्थानचा! सूर्याच्या तेजात फरक पडला की हिंदुस्थानातील पाऊस व पीक यांत फरक पडतो. पीक चांगले आले म्हणजे धान्य स्वस्त होऊन येथील रयतेच्या हाती चार पैसे उरतात. त्या पैशांनी ती मँचेस्टरचे कापड घेते. आणि पीक बुडाले म्हणजे मँचेस्टरचा माल पडून राहतो. असा हा तर्क होता. दिल्लीच्या बाजारातील धान्याचे जुने भावदेखील त्याने त्यासाठी तपासले. तर्क मोठा मोहक होता, पण टिकला नाही. डागांची आवर्तने आपल्या गतीने चालू राहिली, आणि संकटांनी त्यांचे वेळापत्रक पाळले नाही. जेव्हन्सने संकटाकडे ग्रहणाच्या दृष्टीने पाहिले, ही त्याची मूळ चूक होती.

पुढे विसाव्या शतकात हीच धडपड निराळ्या रूपाने झाली. १९२९ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील दोन माणसांनी दोन भाकिते केली. येल विद्यापीठातील आर्यव्हिंग फिशर हा त्या पिढीतील अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञ. भागांच्या किमती आता कायमच्या उंच पठारावर पोचल्या आहेत, असे त्याने ऑक्टोबरात सांगितले. त्याच महिन्याच्या २४ आणि २९ तारखांना न्यूयॉर्कचा बाजार कोसळला आणि फिशरची स्वतःची संपत्तीही त्यात गेली. दुसरा माणूस रॉजर बॅब्सन. ५ सप्टेंबर रोजी त्याने बाजार कोसळणार असे बजावले होते. बॅब्सन बरोबर ठरला खरा. परंतु तो हीच गोष्ट त्याआधी दोन वर्षे सांगत आला होता. १९२७ साली त्याचे ऐकून ज्याने आपले भाग विकले, त्याने मधली दोन वर्षे शेजाऱ्यांना श्रीमंत होताना पाहिले असेल. अशा माणसाची गत काय होते हे आपण जाणतो. पुष्कळदा तो शेवटच्या महिन्यात धीर सोडून पुन्हा बाजारात शिरतो, आणि नेमका तेव्हाच बुडतो. संकट येणार हे सांगणे एक, आणि केव्हा येणार हे सांगणे दुसरे. पहिले बॅब्सनला साधले. दुसरे कोणालाच साधले नाही.

आणि हा काही जुन्या काळचाच दोष नव्हे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील अर्थशास्त्रज्ञ प्रकाश लुंगानी यांनी १९९० नंतरच्या दशकातील जगभरच्या अंदाजांची छाननी केली. त्या दशकात निरनिराळ्या देशांत मंदीचे सुमारे ६० प्रसंग आले. त्यांपैकी वर्षभर आधी ओळखले गेलेले प्रसंग होते अवघे २. उलट, संकट येणार म्हणून हाकाटी झाली आणि ते आलेच नाही, असेही थोडेथोडके घडलेले नाही. गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ मंद्या भागबाजाराने आधीच सांगितल्या, अशी थट्टा पॉल सॅम्युएलसन यांनी १९६६ साली केली होती, ती त्यामुळेच.

हे असे का व्हावे? त्यासाठी आर्थिक संकट म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. दारिद्र्य म्हणजे संकट नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकते. महागाई किंवा नुसते कर्ज म्हणजेही संकट नव्हे. एखादी पेढी डोळ्यांपुढे आणा. शंभर लोकांनी तिच्याकडे ठेवी ठेवल्या आहेत, आणि मागताक्षणी परत देण्याच्या कराराने ठेवल्या आहेत. पेढीवाल्याने तो पैसा घरे, गिरण्या, बागायती यांसाठी दहा दहा वर्षांच्या बोलीने कर्जाऊ दिला आहे. रोज पाच-सात माणसे पैसे काढावयास येतात, पाच-सात भरावयास येतात, आणि पेढी वर्षानुवर्षे सुरळीत चालते. एके दिवशी बाकीचे लोक पैसे काढणार आहेत, असा समज ठेवीदारांत पसरतो. मग शहाण्यात शहाणा ठेवीदारही रांगेत उभा राहतो, कारण मागे राहिला तर त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही. संध्याकाळपर्यंत पेढीला कुलूप लागते. काल आणि आज यांच्यात गिरण्या त्याच, घरे तीच, कर्जेही तीच. बदलला तो केवळ एकाचा दुसऱ्याविषयीचा अंदाज.

देशाचेही असेच आहे. परदेशांचे सावकार मुदत संपली की कर्ज पुढे चालू ठेवतात, तोवर सारे ठीक चालते. इतर सावकार हात आखडता घेणार असे ज्या दिवशी प्रत्येकाला वाटू लागते, त्या दिवशी सगळे एकदम दाराशी येतात. त्या दिवसालाच आपण संकट म्हणतो. तेव्हा संकटाची तिथी आकाशातही लिहिलेली नसते आणि हिशेबाच्या वहीतही नसते. हजारो माणसांच्या परस्परांविषयीच्या अदमासात ती दडलेली असते.

यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. ढग वेधशाळेचे भाकीत ऐकून आपला मार्ग बदलत नाहीत, आणि चंद्रही पंचांग वाचीत नाही. माणसे मात्र भाकिते ऐकतात आणि त्यांप्रमाणे वागतात. समजा, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेला अमुक देशाचे चलन कोसळणार, असे एखाद्या विश्वसनीय संस्थेने जाहीर केले. चौदा तारखेपर्यंत ते चलन कोण हातात ठेवील? चौदाला विकणारा तेराला विकील, तेराचा बाराला, आणि असे करता करता जाहीरनामा निघाला त्याच सायंकाळी चलन कोसळेल. पुढचे संकट जाहीर झाले की ते आजचेच होते. याच्या उलटही घडते. इशारा ऐकून सरकारने वेळीच काटकसर केली, बँकांना लगाम घातला, आणि संकट टळले, तर इशारा देणारा मात्र खोटा ठरतो. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली स्वतःच स्वतःला खरे करणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली, ती मांडतानाही त्याने बँकेसमोर लागलेल्या रांगेचेच उदाहरण घेतले होते.

जबाबदारीच्या पदावरील माणसाची अडचणही येथे समजून घेतली पाहिजे. थायलंडचे पंतप्रधान चवलित योंगचैयुध यांनी ३० जून १९९७ रोजी आपल्या जनतेला आश्वासन दिले की, बाहतचे अवमूल्यन होणार नाही. २ जुलै रोजी बाहत मोकळा सोडावा लागला. डॉलरला सुमारे २५ या दराने वर्षानुवर्षे मिळणारे हे नाणे पुढच्या जानेवारीत ५० च्याही पलीकडे घसरले. पंतप्रधानांना आपण दोष देतो. पण अवमूल्यन होणार आहे, असे त्यांनी ३० जूनला सांगितले असते, तर ते त्याच घटकेला झाले नसते काय? अशा पदावरील माणसाचे आश्वासन हा पुरावा मानता येत नाही, एवढा बोध ऐकणाऱ्याने घ्यावा.

परंतु थायलंडच्या कथेला दुसरी बाजू आहे. ते संकट जुलैत येईल, हे कोणी सांगू शकत नव्हते, तरी ते उगवण्याजोगी जमीन तयार झाली आहे, हे दिसत होते. परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्यातील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. ती तूट अल्पमुदतीच्या डॉलर-कर्जांनी भरली जात होती, आणि त्या कर्जांतील पुष्कळसा पैसा बँकॉकमधील जमिनी आणि इमारती यांत गुंतला होता. मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीचा जाहीर आकडा ३० अब्ज डॉलरांच्या वर होता, पण बाहत सावरण्यासाठी केलेल्या वायद्यांत त्यातील बहुतेक रक्कम आधीच बांधली गेली होती. ही शेवटची गोष्ट मात्र लोकांपासून लपवून ठेवण्यात आली होती.

आता घरचे उदाहरण घेऊ. आपल्या देशावरील १९९१ चे संकट पुष्कळांच्या स्मरणात आहे. १९८० नंतरच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नाहून वाढत गेला, आणि १९९०-९१ पर्यंत केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या घरात पोचली. परकीय कर्ज ८० अब्ज डॉलरांपलीकडे गेले. त्यात अल्पमुदतीची कर्जे आणि परदेशस्थ भारतीयांच्या केव्हाही परत जाऊ शकणाऱ्या ठेवी यांचा भाग वाढत होता. तुटीचे हे आकडे वर्षानुवर्षे अहवालांतून छापून प्रसिद्ध होत होते. जो वाचील त्याच्यासाठी ते उघडे होते. गवत वाळत चालले होते, हे दिसत होते.

ठिणगी मात्र पडली ती दूर कुवेतच्या वाळवंटात. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पिंपाला २० डॉलरांच्या आत असलेले खनिज तेल दोन-तीन महिन्यांत ३५ डॉलरांवर गेले. आखातातून घरी पैसे पाठविणारे दीड लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी परत आणावे लागले. परदेशस्थ ठेवीदारांनी पैसे काढावयास आरंभ केला, पतमापन करणाऱ्या संस्थांनी भारताची पत खाली आणली, आणि नवे कर्ज मिळेनासे झाले. १९९१ च्या जूनमध्ये परकीय चलनाची गंगाजळी एक अब्ज डॉलरांच्या आसपास उरली होती. म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती. १ आणि ३ जुलै रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला रवाना केले, आणि ते तारण ठेवून इंग्लंड व जपान यांच्या मध्यवर्ती बँकांकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातील सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतून वेगळे सांगावे लागत नाही. ती वार्ता ऐकून त्या दिवसांत कित्येकांच्या माना खाली गेल्या होत्या.

१९९० च्या जूनमध्ये कोणी भारताच्या संकटाची तारीख विचारली असती, तर तिचे उत्तर देण्यासाठी बगदादच्या राज्यकर्त्याच्या मनात शिरावे लागले असते. अर्थशास्त्राला ते शक्य नव्हते, आणि कधी होईल असेही नाही. परंतु ‘तेलाचा भाव दुप्पट झाला, तर आपण किती दिवस तग धरू?’ असा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याचे उत्तर एका दुपारच्या हिशेबाने मिळण्यासारखे होते. मला सांगावयाचे आहे ते एवढेच. तारखेचा प्रश्न आपल्याला दुबळे करतो. किती दिवस तग धरू, हा प्रश्न कामाला लावतो.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची साधने आता बरीचशी परिचित झाली आहेत. येत्या बारा महिन्यांत फेडावयाचे परकीय कर्ज देशाच्या गंगाजळीहून अधिक तर नाही ना, ही पहिली कसोटी. अर्जेंटिनाचे पाब्लो गिदोत्ती यांनी ती १९९९ साली सुचविली. १९९७ च्या मध्यास थायलंड, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया हे तिन्ही देश या कसोटीला उतरत नव्हते, आणि तिघांवरही संकट कोसळले. दुसरी कसोटी कर्जाच्या चलनाची. उत्पन्न रुपयात आणि देणे डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरला की देणे आपोआप फुगते. तिसरी कसोटी कर्जाच्या विनियोगाची. तो पैसा कारखाने आणि कालवे यांत जातो, की एकच जमीन एकाने दुसऱ्याला अधिकाधिक भावाने विकण्यात जिरतो? चौथी कसोटी तूट भरून काढण्याच्या मार्गाची. उद्योगात रुजलेले भांडवल रातोरात उठून जात नाही. ठेवी आणि अल्पमुदतीची कर्जे जातात. आणि पाचवी, कदाचित सर्वांत महत्त्वाची: जाहीर होणारे आकडे खरे आहेत काय? ज्या देशात आकडे लपविले जातात, तेथे उरलेल्या चारही कसोट्या निरुपयोगी होतात.

या कसोट्यांनी तिथी कळत नाही. केव्हा केव्हा त्या खोटाही इशारा देतात. डॉक्टर छाती तपासून, रक्तदाब मोजून, ‘तुम्हाला अमुक दिवशी झटका येईल’ असे सांगत नाही. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, एवढेच सांगतो. झटका आला नाही म्हणून त्याचा सल्ला चुकला, असे आपण म्हणत नाही.

तारीख माहीत नसतानाही सावधगिरी कशी बाळगता येते, याचे एक उदाहरण आपल्याच रिझर्व्ह बँकेत सापडते. २००५ च्या सुमारास जगात सर्वत्र तेजीचे वातावरण होते आणि आपल्याकडेही जमिनी व इमारती यांचे भाव चढत होते. तेव्हाचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या कारकीर्दीत, व्यापारी इमारतींसाठी दिलेल्या कर्जांची जोखीम १०० टक्क्यांऐवजी २००५ मध्ये १२५ टक्के आणि २००६ मध्ये १५० टक्के धरावी, असा दंडक बँकांना घालण्यात आला. याचा अर्थ असा की, अशा प्रत्येक कर्जामागे बँकेने स्वतःचे अधिक भांडवल बाजूला ठेवले पाहिजे. कर्ज देणाऱ्यांना आणि इमारती बांधणाऱ्यांना तेजीच्या दिवसांत असला लगाम रुचत नाही, हे उघड आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लीमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगभर हाहाकार उडाला. झळ आपल्यालाही लागली; सुरतेच्या हिरे-कारागिरांची कामे गेली, निर्यात घटली, रुपया घसरला. परंतु आपल्या बँकव्यवस्थेचा कणा मोडला नाही. रेड्डी यांची मुदत त्याच महिन्याच्या आरंभी संपली होती. वादळ आले तेव्हा ते पदावरून पायउतार झालेले होते.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. जे संकट आले नाही, त्याची आठवण कोण ठेवणार? तेजीच्या दिवसांत हात आखडणारा अधिकारी अप्रिय होतो, आणि तिथी सांगणारा भविष्यवेत्ता मात्र चुकला तरी पुढच्या वर्षी पुन्हा ऐकला जातो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण मुलांना शिकवतो; पण तहान केव्हा लागणार ते नक्की सांगा, मग खणू, असे म्हणणारा माणूस आयुष्यात कधीच विहीर खणीत नाही.

तेव्हा यापुढे कोणी आपल्याला येणाऱ्या संकटाचा महिना आणि वार सांगू लागला, तर त्याला पंचांगातील धान्यभावाइतकाच मान द्यावा. संकट कधीच येणार नाही, आता काळ बदलला आहे, असे सांगणाऱ्याला त्याहूनही कमी द्यावा. मात्र देणे किती, गंगाजळी किती, मुदत किती, आणि आकडे खरे किती, हे विचारणारा कोणी भेटला, तर त्याच्यापाशी घटकाभर बसावे. संकटाची तिथी त्यालाही ठाऊक नसते, पण ते आले तर घर उभे राहील की नाही, हे त्याला बरेचसे सांगता येते.